वळणाच्या दिव्यांतील फेरफार

विंचूरहून प्रकाशाकडे जाणारा महामार्ग वर्षानुवर्षे सटाणा शहराच्या भरवस्तीतूनच चालत आला आहे, आणि त्यामुळे कांद्याच्या हंगामात बाजार समितीकडे निघालेले ट्रॅक्टर, डाळिंबाचे क्रेट लादलेल्या पिकअप, नाशिक-मालेगावच्या एसटी गाड्या आणि या सर्वांच्या फटींतून वाट काढणाऱ्या असंख्य मोटारसायकली यांना एकाच अरुंद पट्ट्यात परस्परांचा मनोदय ओळखून चालावे लागते. हा मनोदय कळविण्याचे जे अधिकृत साधन मोटारीपाशी असते ते म्हणजे तिच्या चारी कोपऱ्यांवर लुकलुकणारा पिवळा दिवा. आणि देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत, जेव्हा आरम नदीकाठची गर्दी रस्त्यावर उतरते, तेव्हा त्या दिव्यावर किती जणांची भिस्त असते हे गावकऱ्यांना निराळे सांगावयास नको. अलीकडे या दिव्यातील जुना तारेचा बल्ब काढून त्याजागी एलईडी बसविण्याची हौस बळावली आहे. सुट्या भागांच्या दुकानांत त्यांची पाकिटे माळेसारखी टांगलेली असतात, घरच्या घरी पाच मिनिटांत ते बसविताही येतात, आणि मग दांडी खाली केली की दिवा घाबरल्यासारखा दुप्पट वेगाने उघडझाप करू लागतो. असे का होते, त्यावर तजवीज कोणती, आणि मुळात हा फेरफार करावा की नाही, याचा खुलासा करण्याचा येथे मानस आहे.

करावा की नाही, हा प्रश्न आधी निकालात काढू. जुना बल्ब २१ वॅटचा असतो, त्याची किंमत किरकोळ असते, तो सटाण्यात काय पण नामपूर-ताहाराबादेतही मिळतो, आणि सामान्य वापरात तो वर्षानुवर्षे टिकतो. एलईडीमुळे वीज वाचते हे खरे. परंतु दिवसाकाठी काही मिनिटे चालणाऱ्या दिव्यातील ही बचत इंधनाच्या हिशेबात दिसण्याजोगी नसते, आणि ‘याने ॲव्हरेज वाढतो’ असे कोणी विक्रेता सांगू लागला तर त्याच्या इतर विधानांकडेही जरा सावधपणे पाहावे. खरे लाभ दोन. पहिला असा की, तार तापून पूर्ण उजळावयास सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो, तर एलईडी तत्क्षणी उजळतो; ताशी ९० किलोमीटर वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्या अवकाशात ५ मीटर पुढे आलेली असते. हा लाभ ब्रेकच्या दिव्यात अधिक मोलाचा असला तरी वळणाच्या दिव्यातही तो अगदीच उपेक्षणीय म्हणता येत नाही.

दुसरा लाभ घाटात कळतो. ताहाराबादहून पिंपळनेरकडे जाताना शेलबारीच्या घाटात रात्री गाडी बंद पडली, आणि मदत येईपर्यंत चारी दिवे एकदम लुकलुकत ठेवण्याची, म्हणजे आपण ज्याला पार्किंग लावणे म्हणतो ती, वेळ आली, तर चार मोठे बल्ब २१ वॅटचे आणि बाजूचे दोन छोटे ५ वॅटचे मिळून ९४ वॅट होतात. ते अर्धा वेळ जळतात असे धरले तरी १२ व्होल्टच्या बॅटरीतून सरासरी ४ अँपिअरच्या आसपास प्रवाह अखंड ओढला जातो. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दहा तास पुरावी. पण तीन-चार उन्हाळे पाहिलेली बॅटरी त्याच्या निम्म्यातच मान टाकते, आणि मग पहाटे इंजिन सुरू करावयास तिच्यात त्राण उरत नाही. एलईडी असल्यास हाच भार दशांशाच्या जवळपास येतो. ज्यांचा रात्री-अपरात्री माल घेऊन घाटाने जाण्याचा परिपाठ आहे, त्यांच्यासाठी हा फेरफार निश्चितच विचारार्ह आहे. ज्यांची गाडी आठवड्यातून एकदा मालेगावास जाऊन येते त्यांनी जुने बल्बच सुखेनैव चालू ठेवावेत.

आता बल्बची ओळख पटविण्याविषयी. काही गाड्यांत पाठीमागच्या दिव्याची काच बाहेरून स्क्रू काढून उतरते, तर काहींत डिकीच्या आतील झाकण काढून होल्डर फिरवावा लागतो. पुढच्या दिव्यासाठी बहुधा बॉनेट उघडून हात आत घालण्याची कसरत करावी लागते. इग्निशन बंद करावे, बल्ब निववावा, आणि तो किंचित आत दाबून डावीकडे फिरवीत काढावा. हाती आलेल्या बल्बच्या पितळी बुडावर व्होल्ट व वॅट कोरलेले असतात ते वाचावेत, आणि मग तीन गोष्टी निरखाव्यात. तळाशी शिशाचा ठिपका एक आहे की दोन: एक असेल तर तो वळणाचा साधा बल्ब, दोन असतील तर तो मागच्या लाल दिव्याचा व ब्रेकचा जोड-बल्ब, त्याची येथे गरज नाही. बुडाच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या समोरासमोर आहेत की एक थोडी सरकलेली आहे: रंगहीन काचेचा बल्ब, ज्याची खूण ‘पी २१ डब्ल्यू’ अशी असते, त्याच्या खुंट्या समोरासमोर असतात, पिवळ्या काचेचा ‘पीवाय २१ डब्ल्यू’, त्याच्या सरकलेल्या असतात, आणि ही योजना एकाच्या जागी दुसरा चुकून बसू नये म्हणून बुद्ध्या केलेली आहे. तेव्हा नवा बल्ब होल्डरमध्ये बसत नसेल तर पक्कडीने खुंटी चेपण्याचा पराक्रम न करता दुकानात जाऊन योग्य जात आणावी. तिसरी गोष्ट, पितळी बूडच नसलेला, नुसत्या काचेच्या चपट्या पायाचा बल्ब. बाजूच्या छोट्या दिव्यात तो सर्रास असतो, आणि काही गाड्यांत मोठाही याच प्रकारचा असतो. या जातीचा एलईडी उलटा बसला तर पेटत नाही, कारण त्याला धन-ऋण असते. तो ‘खराब निघाला’ म्हणून परत नेण्यापूर्वी काढून फिरवून लावून पाहावा.

रंगाच्या बाबतीत मात्र ठाम राहावे. पिवळ्या काचेआड पांढरा एलईडी चालेल अशी अनेकांची समजूत असते, कारण तारेचा पांढरा बल्ब चालतोच. परंतु तापलेल्या तारेच्या प्रकाशात पिवळ्या-नारिंगी छटेचा साठा विपुल असतो, काच तेवढा पुढे जाऊ देते. स्वस्त पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळ्याचा भरणा फार, तो काचेत अडकतो, आणि बाहेर पडतो तो निस्तेज लिंबट उजेड. म्हणून काच पिवळी असो वा स्वच्छ, एलईडी पिवळाच घ्यावा. पिवळा एलईडी काही कालची वस्तू नव्हे. अमेरिकेत जॉर्ज क्रॅफर्ड या शास्त्रज्ञाने तो १९७२ साली सिद्ध केला, तथापि मोटारीच्या दिव्याला साजेल असे तेज त्यास येण्यास पुढची दोन दशके जावी लागली. तेजाचा मुलाहिजाही याच ठिकाणी करावा. पी २१ डब्ल्यूचा मानक प्रकाश ४६० ल्युमेन व पिवळ्या काचेच्या पीवाय २१ डब्ल्यूचा २८० ल्युमेन ठरलेला आहे, आणि पाकिटावर हजारोंचे आकडे छापणारा बल्ब प्रत्यक्षात या दोहोंच्या खाली असू शकतो. आकड्यापेक्षा मांडणी पाहावी: दिव्यातील चकचकीत वाटी, जिला रिफ्लेक्टर म्हणतात, ती एका विशिष्ट बिंदूवर तार आहे असे गृहीत धरून घडविलेली असते, ज्या एलईडीचे ठिपके त्याच उंचीवर, चोहोबाजूंनी वाटीकडे तोंड करून बसविलेले असतात, तोच त्या वाटीचे काम होऊ देतो. सगळे ठिपके टोकाला जमा झालेला बल्ब सरळ समोरून डोळे दिपवितो आणि बाजूच्या मोटारसायकलवाल्यास मात्र दिसतच नाही.

येथवर जे सांगितले ते बल्बचे. परंतु दुप्पट वेगाच्या लुकलुकीचे मूळ बल्बमध्ये नसून फ्लॅशरमध्ये असते, आणि हा फ्लॅशर काय करतो हे नीट समजल्याखेरीज कोणताही खर्च करू नये. जुन्या ॲम्बॅसडर-पद्मिनीच्या काळी तो एक पत्र्याची डबी असे. तिच्यातून बल्बकडे जाणारा प्रवाहच तिच्यातील धातूची पट्टी तापवी, पट्टी वाकून संपर्क तुटे, निवून पुन्हा जुळे, आणि या तापण्या-निवण्याच्या तालावर दिवा लुकलुके. अशा डबीपुढे एलईडी ठेवला तर त्याच्या क्षीण प्रवाहाने पट्टी तापतच नाही, आणि दिवा एकतर रेंगाळतो किंवा नुसता पेटून राहतो. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आला. हा ताल स्वतःच धरतो, परंतु प्रवाहावर नजर ठेवण्याचे जास्तीचे काम त्याच्याकडे सोपविलेले असते: एका बाजूचे दोन मोठे बल्ब व एक छोटा मिळून सुमारे ४ अँपिअर जात असावेत, त्यांतला एक मोठा बल्ब गेला की प्रवाह निम्म्यावर येतो, आणि ही उणीव चालकाच्या निदर्शनास आणून देण्यासाठी तो वेग दुप्पट करतो. एलईडी लावल्यावर प्रवाह घटतो तो बल्ब गेल्यामुळे की नव्या बल्बची भूकच कमी असल्यामुळे, हा विवेक त्यास करता येत नाही. सबब, ज्याला आपण दोष म्हणतो ती त्या बिचाऱ्याची इमानदारी असते. एलईडी न लावताही दिवा एकाएकी घाईने लुकलुकू लागला तर एक बल्ब गेला आहे, किंवा होल्डरला गंज चढला आहे, किंवा अर्थिंग सुटले आहे असे समजावे, आणि दुकानाकडे धावण्यापूर्वी होल्डर पॉलिश पेपरने घासून पाहावा. आमच्याकडच्या धुळीने निम्मी प्रकरणे तेवढ्यावर मिटतात.

फ्लॅशर कुठे आहे हे कानाने शोधावे. पार्किंगचे बटण दाबून टिकटिक कोठून येते ते ऐकावे. बहुधा स्टिअरिंगखाली किंवा फ्यूजच्या पेटीत तो सापडतो. बाहेर काढून पाहिल्यास पायांपाशी ‘बी’, ‘एल’, ‘ई’ ही अक्षरे किंवा ‘४९’, ‘४९ए’, ‘३१’ हे आकडे असतात, अनुक्रमे बॅटरी, दिवे व अर्थ यांसाठी. याच पायांच्या क्रमाचा, एलईडीसाठी म्हणून विकला जाणारा फ्लॅशर आणून त्याजागी खोचला की काम झाले; तो प्रवाहाची फिकीर न करता ठराविक तालाने चालतो, एकीकडे एलईडी व दुसरीकडे तारेचा बल्ब असला तरी त्याचे अडत नाही. क्रम मात्र पडताळून घ्यावा, कारण दिसावयास सारखे असूनही दोन फ्लॅशरांतील पायांची मांडणी भिन्न असू शकते. फार जुन्या गाडीतील दोनच पायांच्या डबीजागी तीन पायांचा बसवावयाचा तर अर्थची तिसरी तार ओढून घ्यावी लागते, आणि ते वायरमनचे काम आहे.

नव्या गाड्यांत मात्र असा वेगळा फ्लॅशर नसतोच. तेथे सगळ्या दिव्यांचा कारभार एका इलेक्ट्रॉनिक पेटीकडे असतो, जिला बीसीएम म्हणतात, आणि टिकटिक ऐकू येते ती देखील मीटरमधील स्पीकरने काढलेली नक्कल असते. ही पेटी दिवा बंद असतानाही मधूनमधून सूक्ष्म प्रवाह सोडून बल्ब शाबूत असल्याची खातरजमा करते. तारेच्या बल्बास त्याची दखलही नसते, एलईडी मात्र तेवढ्यानेही मंद मिचकतो. अशा गाड्यांसाठी दुकानदार रेझिस्टर सुचवितो. सोनेरी रंगाची, बोटभर लांबीची ही ॲल्युमिनियमची कांडी बहुधा ६ ओहम व ५० वॅटची असते, ती प्रत्येक एलईडीच्या जोडीला, दिव्याची तार आणि अर्थ यांच्या दरम्यान लावावयाची. इंजिन चालू असता साडेतेरा व्होल्टला ती सव्वादोन अँपिअर ओढते, म्हणजे ३० वॅट. पेटीची समजूत पटते, पण एलईडीने वाचविलेले सगळे वॅट, किंबहुना थोडे अधिकच, कांडी उष्णतेच्या रूपाने उधळून टाकते. शेलबारीच्या घाटात बॅटरी वाचविण्याचा जो लाभ वर मांडला तो मग उरतच नाही.

तरीही रेझिस्टरच लावावयाचा ठरला तर तो कोठे लावावा यात हयगय करू नये. बराच वेळ पार्किंग लावून ठेवल्यास ही कांडी पाणी उकळण्याच्या तपमानापलीकडे सहज जाते, आणि ५० वॅटची तिची पात्रता ती धातूच्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसविलेली असेल तरच खरी. बंपरच्या प्लास्टिकवर दुतोंडी चिकटपट्टीने डकविलेली, किंवा वायरिंगच्या जुडग्याला टेपने बांधून ठेवलेली कांडी म्हणजे आगीला दिलेले आमंत्रण होय. तार कापून पीळ देऊन टेप मारण्याऐवजी सांधा डाग देऊन किंवा क्रिंप करून पक्का करावा. वरून दाबून तारेला भोक पाडणारे प्लास्टिकचे चिमटे दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला कात्री लावण्यापूर्वी वॉरंटीचा दस्तऐवज वाचावा, आणि पुष्कळदा तो वाचल्यावर हौस आपोआप ओसरते. माझे मत विचाराल तर बीसीएमच्या गाडीत हा उद्योग करूच नये. नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या आणि बागलाण तालुक्यात घरोघर दिसणाऱ्या जुन्या बोलेरोसारख्या, सुटा फ्लॅशर असलेल्या गाडीत तो करण्यासारखा आहे.

आणखी एक चमत्कार जुन्या गाड्यांत, विशेषतः ज्यांच्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या दोहोंसाठी मिळून एकच खुणेचा दिवा असतो अशांत, अनुभवास येतो. तो छोटा बल्ब दोन्ही बाजूंच्या तारांमध्ये जोडलेला असतो, आणि एका बाजूचा प्रवाह त्याच्यातून पलीकडच्या बाजूच्या तारेच्या बल्बांतून अर्थला जातो. पलीकडे एलईडी आले की तेवढा ओघळता प्रवाहही त्यांना पुरतो, आणि दांडी डावीकडे केली तरी चारी दिवे लुकलुकू लागतात. यावर उपाय म्हणजे खुणेच्या दिव्याची तार सोडवून दोन्ही बाजूंकडून एकेक डायोड घालणे व दुसरे टोक अर्थला देणे. चांगल्या वायरमनला एवढे सांगितले की पुरते, आणि सांगूनही न कळणाऱ्या वायरमनकडून हे काम करवून घेऊ नये.

ज्या गावाने एका मामलेदाराला देवत्व दिले तेथे नियमांचे पुस्तक उघडावयास कोणाची हरकत नसावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ प्रमाणे वळणाचा दिवा पिवळ्याच रंगाचा असला पाहिजे, आणि त्याची उघडझाप मिनिटास ६० पेक्षा कमी व १२० पेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे वर वर्णिलेली दुप्पट लुकलुक ही केवळ डोळ्यांस खटकणारी गोष्ट नसून नियमबाह्य आहे. निळे-जांभळे एलईडी, किंवा पिवळ्यात मधूनच पांढरे झळकणारे, यांचा तर प्रश्नच उद्भवत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा फेरफार करण्यावर निर्बंध घालते, हेही ध्यानात असू द्यावे. ‘एमएच ४१’ची वाहने मालेगावच्या परिवहन कार्यालयाकडे येतात, पिकअप किंवा टेम्पो पासिंगला न्यावयाचा असेल तर मूळचे बल्ब लावूनच नेणे शहाणपणाचे.

बसविण्याचे काम एका बल्बपासून आरंभावे. मागचा डावा बदलावा, दिवा चालू करून पाहावा, मग पुढचा. चारी एकदम उलगडून बसल्यास घोटाळा कोठे झाला ते कळत नाही. लुकलुक घड्याळ लावून १५ सेकंद मोजावी: १५ ते ३० च्या दरम्यान भरली तर नियमात, बावीस-तेवीस भरली तर उत्तम. मग मागच्या दिव्यासोबत ब्रेक, लाल दिवा व हेडलाइट हे सर्व एकत्र चालू करून पुन्हा पाहावे, कारण अर्थिंग कच्चे असेल तर ते या वेळी उघडे पडते. रेडिओ लावून खरखर वाढते का तेही ऐकावे. हलक्या प्रतीच्या एलईडीचा हा उपद्रव ठाऊक असलेला बरा.

खरी कसोटी मात्र सायंकाळच्या अंधारात नव्हे, तर उन्हात घ्यावयाची. अंधारात कोणताही एलईडी राजस दिसतो. एप्रिलमधल्या दुपारी चारच्या सुमारास गाडीची पाठ पश्चिमेकडे करून ऊन थेट काचेवर पडेल अशी उभी करावी, शेजारी तारेचाच बल्ब असलेली दुसरी गाडी लावावी, आणि तीस-चाळीस पावलांवर जाऊन प्रथम समोरून, मग दोन्ही बाजूंना सरकत, मोटारसायकलवाला ज्या कोनातून येतो त्या कोनातून पाहावे. उन्हात नवा दिवा पेटला की विझला हे ठरविण्यास क्षणभरही विचार करावा लागला, तर तो बल्ब काढून टाकावा, मग त्यासाठी कितीही दाम मोजलेले असोत. हीच पाहणी अर्धा तास पार्किंग लावून ठेवल्यावर पुन्हा करावी, कारण बंदिस्त दिव्यात एलईडी तापला की त्याचे तेज उतरते, आणि चाळिशी गाठणाऱ्या आमच्या उन्हाळ्यात तर ते अधिकच उतरते.

एवढे सगळे यथास्थित पार पडल्यावर एक जबाबदारी नव्याने अंगावर येते. जुना फ्लॅशर बल्ब गेल्याची वर्दी देत असे. नवा देत नाही. एलईडीचे निम्मे ठिपके गेले काय किंवा अख्खा बल्ब गेला काय, आत टिकटिक तीच राहते. म्हणून आठवड्यातून एकदा अंधार पडल्यावर गाडी घराच्या भिंतीकडे पाठ करून, मग तोंड करून उभी करावी आणि दोन्ही बाजूंचा उजेड भिंतीवर पाहावा. काढलेले बल्ब आणि जुना फ्लॅशर फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावेत, आणि गाडी पुढे कधी विकली तर ते पुडके नव्या मालकाच्या हाती देताना तिचा फ्लॅशर बदललेला आहे व बल्ब गेला तरी तो सांगणार नाही, हे त्याला तोंडी सांगावे.